हृदयपरीक्षेचें माप

धष्टपुष्ट, सुखवस्तु आणि शहरांत राहणारा गृहस्थ हाच काय तो हृदयविकाराचा धनी, अशी समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. नांदेड जिल्ह्यांतील उमरीसारख्या गांवीं तर ती अधिकच पक्की असावी. शेतांत राबणारा, भाकरी-ठेच्यावर वाढलेला, अंगानें सडपातळ असा मनुष्य आपल्या छातीचा विचार सहसा करीत नाहीं. आणि कधीं छातीवर दडपण आलेंच, तर पित्त झालें असेल म्हणून ओवा चावून निजतो. ही समजूत निव्वळ अज्ञानाची आहे असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. हृदयाविषयींचें पुष्कळसें आधुनिक ज्ञान ज्या देहांवर मोजून मिळविलें गेलें ते देह आपले नव्हते. आणि मोजणाऱ्यालाच जें दिसलें नाहीं तें ऐकणाऱ्याला कोठून कळावें? आपलें आपण काय तपासावें हें नीट उमगण्यासाठीं या मोजण्याचा इतिहास थोडा तरी ठाऊक असावा लागतो. त्यांतला एक अध्याय तर आपल्या जुन्या राजधानींत, म्हणजे हैदराबादेस, घडलेला आहे. उमरी तेव्हां निजामाच्या राज्यांत होती.

१८४७ सालीं एडिंबरोच्या सिम्प्सननें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें, आणि पुढच्याच वर्षाच्या जानेवारींत हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी पायाच्या बोटाचें नख काढतांना त्याच्या गुंगींत दगावली. इतक्या क्षुल्लक शस्त्रक्रियेंत मरण यावें याचा सर्वांस धक्का बसला. तें मरण हृदय थांबल्यानें आलें कीं श्वास थांबल्यानें, हा वाद पुढें पन्नास वर्षें धुमसत राहिला. एक पक्ष म्हणे, रोग्याच्या नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोचा पक्ष म्हणे, नाडी विसरा, श्वासाकडे पाहा. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे शल्यवैद्य आणि तेथील वैद्यकशाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे या दुसऱ्या पक्षाचे कट्टर अनुयायी होते. १८८८ सालीं त्यांनीं एक समिती बसवून कुत्र्यांवर प्रयोग केले आणि आपलें मत सिद्ध झालें असें जाहीर केलें. लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रास तें पटलें नाहीं. तेव्हां निजाम सरकारनें १,००० पौंड देऊं केले, आणि त्या पत्रानें आपलाच मनुष्य धाडून खात्री करून घ्यावी असें सुचविलें. एका संस्थानानें विलायतेच्या विद्वानांस स्वखर्चानें वादास बोलवावें, हा प्रसंग आजही वाचतांना मौज वाटते.

१८८९ च्या अखेरीस डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले. कुत्रे, घोडे, माकडें, शेळ्या, मांजरें व ससे मिळून पांचशेंच्या घरांत प्राण्यांवर प्रयोग झाले; कित्येकांच्या रक्ताचा दाब यंत्रानें नोंदला गेला. निकाल निःसंदिग्ध होता: क्लोरोफॉर्मपासून हृदयास थेट धोका मुळींच नाहीं. येतांना साशंक असलेले ब्रंटनही लॉरींच्या बाजूस झुकले. पण रोगी मरत ते मरतच राहिले. १९११ सालीं गुडमन लेव्ही यानें मांजरांवरील प्रयोगांनीं त्याचें कारण दाखविलें. क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असतांना रक्तांत अॅड्रिनलिन उसळलें, तर हृदयाचे स्नायू एका लयींत आकुंचन पावण्याचें सोडून नुसते थरथरूं लागतात, आणि क्षणार्धांत सर्व आटोपतें. भीतीनें अॅड्रिनलिन वाढतेंच. म्हणजे भेदरलेला, अर्धवट गुंगींतला रोगी हाच खरा धोक्यांतला मनुष्य होता. हैदराबादेस प्रयोगांची संख्या थोडी नव्हती, उपकरणें वाईट नव्हतीं आणि हेतूही शुद्ध होता. उणें होतें तें एवढेंच, कीं माप ज्याचें घ्यावयाचें त्याच्या स्थितींत तें घेतलें गेलें नाहीं. वाचकांनीं ही गोष्ट मनांत ठेवावी, कारण पुढें तीच निराळ्या वेषांत पुन्हां येणार आहे.

लॉरी नाडीला जें म्हणत होते त्यांत एक सत्यांश होता, तो हा कीं बोटाला सर्व कांहीं कळत नाहीं. आपल्याकडे शार्ङ्गधराच्या ग्रंथापासून नाडीपरीक्षेची परंपरा आहे, आणि नाडीची गति, तिची अनियमितता, तिचें क्षीण होणें हें जाणत्या वैद्याच्या बोटास समजतें यांत शंका नाहीं. परंतु धमनींतील रक्ताचा दाब किती, हें बोटाला अंकांत सांगतां येत नाहीं. तें काम १८९६ सालीं इटलींतील रीवा-रोच्ची यानें दंडाला गुंडाळण्याच्या हवेच्या पट्ट्यानें साधलें. आणि १९०५ सालीं कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्यानें पट्ट्याखालीं धमनीवर नळी लावून ऐकूं येणारे आवाज वर्णिले, तेव्हां वरचा आणि खालचा असे दोन्ही आंकडे मिळूं लागले. आज दवाखान्यांत दंडाला जो पट्टा बांधतात तो यांचाच वारसा होय.

अंक मिळाला तरी त्याचा अर्थ कळण्यास आणखी चाळीस वर्षें लागलीं. वाढलेला दाब हा वयपरत्वें होणारा, किंबहुना शरीराला आवश्यक असा बदल आहे, असें मोठमोठे वैद्यही मानीत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब १९४४ च्या मार्चांत १८६ वर १०८ भरला. १२ एप्रिल १९४५ रोजीं ते मेंदूंतील रक्तस्रावानें वारले, त्या दिवशीं तो ३०० वर १९० होता. त्यांचे खासगी वैद्य कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते, आणि अध्यक्षांची प्रकृति त्यांच्या वयाला शोभेशी आहे असें ते लोकांस सांगत आले होते! या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं, १९४८ सालीं, अमेरिकेंत हृदयविषयक संशोधनाचा कायदा झाला, आणि मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅम या लहानशा गांवांतील ५,२०९ स्त्रीपुरुषांची दर दोन वर्षांनीं तपासणी करण्याचें काम त्याच वर्षीं सुरू झालें. उमरीचें नांव इतिहासांत आलें तेंही १९४८ च्या जानेवारींत, हैदराबाद मुक्तिसंग्रामांतील तरुणांनीं तेथील बँकेवर घातलेल्या छाप्यामुळें. त्या वर्षीं उमरीकरांपुढें जीवनमरणाचे प्रश्न निराळेच होते. दूर एका गांवीं आपल्या नातवंडांच्या हृदयाचें भाकित करणारें कोष्टक आंखलें जात आहे, हें कोणाच्या स्वप्नींही नसेल.

फ्रॅमिंगहॅमनें केलें तें काम थोर आहे. रोगी दवाखान्यांत आल्यावर त्याचें पाहण्याऐवजीं निरोगी माणसांस आधीं मोजून ठेवावें आणि पुढें कोण आजारी पडतें तें पाहावें, अशी ती युक्ति. तीमुळें रक्तदाब, रक्तांतील कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह यांचा हिशेब लागला, आणि १९६१ च्या सुमारास 'जोखमीचे घटक' ही संज्ञा वैद्यकांत रुळली. परंतु ते ५,२०९ जण जवळजवळ सर्व युरोपीय वंशाचे गोरे लोक होते. हैदराबादच्या प्राण्यांची गोष्ट येथें पुन्हां आठवावी.

त्याच सुमारास मुंबईंत एक स्वतंत्र काम झालें, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेचें मूळ उच्च रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांस देऊन पाहिलें, आणि त्याचा वृत्तांत १९४९ सालीं ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकांत छापला. सर्पगंधा आपल्या वैद्यांस जुनीच. कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालींच तिच्याविषयीं लिहिलेंही होतें. वकिलांनीं ती पद्धतशीर मोजली आणि मग जगानें ऐकलें. पुढें तिच्यापासून काढलेलें रिसर्पिन हें औषध मनास खिन्न करतें असें आढळल्यानें आतां तें मागें पडलें आहे. घरीं मूळ उगाळून घेण्याचा मोह कोणी धरूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपल्या लोकांचें माप कोणी घेतलें कीं नाहीं? घेतलें, पण फार उशिरां. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी व त्यांचे सहकारी यांनीं ५२ देशांतील एका मोठ्या पाहणीच्या आधारें २००७ सालीं दाखविलें कीं, दक्षिण आशियांतील लोकांस हृदयाचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षीं येतो, आणि इतरांस जवळजवळ ५९ व्या वर्षीं. ५३ वें वर्ष म्हणजे मुलीचें लग्न व्हावयाचें असतें, सोसायटीचें कर्ज फिटावयाचें असतें, तें वय. कारणें मात्र गूढ नाहींत. तीं जगभर जीं आहेत तींच आहेत, फक्त आपणांस तीं लवकर गांठतात. त्याच पाहणींतून असेंही निघालें कीं, नुसती चघळण्याची तंबाखूही हृदयास अपाय करते. विडी ओढीत नाहीं म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनीं, आणि मशेरीस तंबाखूंत न गणणाऱ्या आमच्या आयाबहिणींनीं, हें अवश्य ऐकावें.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचें काम याहून मूलगामी आहे. २००४ सालीं त्यांनीं आणि लंडनचे डॉ. यडकिन यांनीं 'लॅन्सेट'मध्यें, ब्रंटनना धाडणाऱ्या त्याच पत्रांत, आपल्या दोघांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा आंकडा दोघांचाही २२.३, पाहणाऱ्यास दोघेही सडपातळ. पण शरीरांतील चरबी यडकिन यांची शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांची शेंकडा २१.२! सडपातळ दिसणारा भारतीय आंतून लठ्ठ असूं शकतो हें इतक्या थोडक्यांत आणि स्वतःवरच प्रयोग करून कोणीं सांगितलें नव्हतें. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चालविलेल्या पाहणींत त्यांस हाच प्रकार नवजात बालकांतही दिसला: तीं सरासरी २.७ किलोंचीं, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं ३.५ किलोंचीं, आपल्या बाळाचे स्नायू व पोटांतील अवयव लहान, परंतु त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानें राखलेली. पोटांत असतांना उपासमार सोसलेला देह पुढें अन्न मिळूं लागलें कीं तें साठवितो, असा याचा एक अर्थ लावतात. मराठवाड्यांत १९७२ च्या दुष्काळांत जन्मलेलीं मुलें आज पन्नाशी ओलांडून गेलीं आहेत. त्यांनीं तरी आरशांतील सडपातळपणावर विसंबूं नये, असें आमचें मत आहे.

मग पाहावें काय? वजनापेक्षां कंबर. पुरुषास ९० सेंटिमीटर आणि स्त्रीस ८० ही आपल्या लोकांकरितां ठरलेली मर्यादा आहे, व वजनाचा तो आंकडा २३ च्या वर गेला कीं सावध व्हावें. रक्तांतील साखर व कोलेस्टेरॉल. आईबापांस किंवा भावंडांस ऐन उमेदींत झटका आला होता काय, हेंही; लोक तें सांगावयाचें विसरतात. रक्तदाब तर सर्वांत आधीं, कारण तो दुखत नाहीं, खुपत नाहीं. मात्र तो नीट मोजला जावा: बाजारांतून धांवत येऊन खुर्चींत बसल्याबरोबर नव्हे, तर पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पांच मिनिटें न बोलतां बसल्यावर, अर्धा तास आधीं चहा व तंबाखू वर्ज्य, दंड हृदयाच्या पातळींत, आणि दोनदां. वारंवार १४० वर ९० किंवा त्याहून अधिक भरला तर उपचार लागतो. कार्डिओग्राम चांगला आला म्हणजे दहा वर्षांची चिंता मिटली असें मानणारे पुष्कळ सुशिक्षित आम्हीं पाहिले आहेत. तो आलेख त्या घटकेचा असतो, पुढचा नव्हे. पुढचें सांगण्यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं प्रदेशवार निरनिराळीं कोष्टकें काढलीं, त्यांत दक्षिण आशियाचें वेगळें आहे. रक्ततपासणी झालेली नसली तरी चालेल असाही त्याचा एक प्रकार आहे. छातीवर दडपण, दरदरून घाम, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, अकारण धाप, यांपैकीं कांहीं झालें तर मात्र कोष्टक पाहत बसूं नये. १०८ क्रमांकास हांक द्यावी.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या घरीं आशाताई एक तक्ता घेऊन येतात. त्यांत वय, तंबाखू, मद्य, कंबर, व्यायाम आणि घराण्यांतील आजार यांस गुण आहेत, आणि बेरीज चाराहून अधिक झाली कीं तपासणीस लवकर पाठवितात. कंबर मोजतांना लाजून पोट आंत ओढणारे पुरुष बायकांपेक्षां अधिक असतात असा आमचा अंदाज आहे. श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचें हाड यांच्या मधोमध फीत धरावी. धोतराची किंवा लुगड्याची गांठ जेथें बसते ती जागा ही नव्हे.