हूम

मागच्या महिन्यात अणदूरला जाणं झालं. चुलतभावाचा मुलगा शाळेचा प्रकल्प करत बसला होता. विषय, 'नामशेष होणारे प्राणी'. वहीत डोडो चिकटवलेला, शेजारी पांडा. म्हटलं, "अरे, आपल्याकडचा एखादा लिही की." तर म्हणतो कसा, "काका, आपल्याकडं कुठं काय होतं?"

ओट्यावरून तात्या म्हणाले, "हूम होता की."

कितीतरी वर्षांनी हा शब्द ऐकला. आमचे आबा माळढोकाला हूम म्हणायचे. विणीच्या दिवसांत नर गळ्याखालची पिशवी फुगवून लांबवर जाईल असा घुमतो. मीटरभर उंची आणि पंधरा किलोपर्यंत वजन. आबांच्या भाषेत, "शेळीएवढं पाखरू. आधी पळतंय, मग उडतंय."

हा पक्षी आपल्या दख्खनचाच म्हणायला हवा. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत नगर भागात (आताचं अहिल्यानगर) ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. मला त्या आकड्याचं दोन कारणांनी नवल वाटतं. एक तर हा माणूस दुसरं काही काम करत होता की नाही! आणि दुसरं म्हणजे, एकट्याने एवढे मारूनही नंतर शंभर-दीडशे वर्षं माळढोक टिकला. म्हणजे बंदुकीने तो कमी झाला, पण संपला नाही. माळ होता ना. गवताचा, धनगरांच्या मेंढरांचा, अध्येमध्ये ज्वारी-करडई-हुलग्याच्या पट्ट्यांचा. माळढोक टोळ, किडे, सरडे, शेंगा, बोरं असं मिळेल ते खातो. कोरडवाहू शेतीशी त्याचं भांडण नव्हतंच कधी.

पोलीस ॲक्शननंतर जीपगाड्या आल्या आणि मग शिकारीला हद्द राहिली नाही, असं आबा सांगत. घोड्याला किंवा बैलगाडीला चुकवणारा पक्षी जीपच्या दिव्यात गप उभा राहायचा. देशातला चित्ता त्याच सुमारास संपला. १९५२ साली सरकारने तसं जाहीरच केलं. १९६९च्या सुमाराचा देशभरातल्या माळढोकांचा अंदाज होता १२६० च्या आसपास. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली, निदान उघडपणे तरी.

आता सोलापूरच्या पलीकडे, बार्शी रस्त्यावरच्या नान्नजकडे येतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींनी तिथल्या माळढोकांकडे लोकांचं लक्ष वेधलं. गंमत अशी की तिथे माळढोकासाठी म्हणून कोणी काही केलेलं नव्हतं. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात वनखात्याने माळाचे काही तुकडे चराईला बंद करून गवत वाढू दिलं होतं. त्या गवतात माळढोक येऊन वसला. नुसतं सोडून दिल्याने झालेलं इतकं चांगलं काम मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

मग १९७९ साली अभयारण्य झालं. केवढं? सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावंच्या गावं, बाजारपेठा, खाजगी शेतं, सगळं आलं. खऱ्या गवताळ माळाचा वाटा त्यात चिमूटभर. जमीन विकायची, विहीर काढायची, कारखाना घालायचा तर परवानगीचे हेलपाटे. ज्याने जन्मात माळढोक पाहिला नाही तोही त्याच्या नावाने बोटं मोडायला लागला. माझं मत असं की त्या नकाशाने पक्ष्याचं बंदुकीइतकंच नुकसान केलं. पुढे क्षेत्र कमी करून साधारण १२२२ चौ.कि.मी.वर आणलं, पण तोवर मनं विटलेली होती.

दरम्यान माळ चालला होता. सरकारी कागदावर गवताळ माळ म्हणजे 'पडीक'. पडीक म्हटलं की झाडं लावा. नान्नजच्या गवतातसुद्धा गिरिपुष्पासारखी परदेशी झाडं लावली गेली, आणि माळढोकाला तर चौफेर दिसेल अशी मोकळी जागा लागते. भोवती बोअर झाल्या, ऊस आला, द्राक्षं आली. सोनाका ही द्राक्षाची जात नान्नजचीच, हे किती जणांना माहीत आहे?

द्राक्षांवर बोट ठेवायचा मला हक्क नाही. (घरचे वाचतीलच, तेव्हा लिहूनच टाकतो.) आमचा सहा एकर माळ १९९४ साली डोझर लावून तात्यांनी सपाट केला, बोअर घेतली, बाग लावली. आबा तेव्हा काही बोलले नाहीत, फक्त महिनाभर तिकडे गेले नाहीत. माझी पुण्यातली कॉलेजची फी त्या बागेने भरली. २००४ साली मी नान्नजला जाऊन लांबून एक नर पाहिला तो नोकरीच्या पहिल्या वर्षात, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या दुर्बिणीतून. ते पैसे कुठून सुरू झाले ते उघडच आहे.

तिथे काळवीट मात्र कळपाने दिसले. तेच कुंपण, तेच गवत, तेच राखणदार, आणि काळवीट इतके वाढले की शेतकरी पिकाच्या नासाडीला कंटाळले. काळवीट उभ्या पिकात शिरून पोट भरतं. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ते कुत्र्याने खाल्लं किंवा गुरांच्या पायाखाली गेलं की ते वर्ष गेलं. शिवाय डोळे बाजूला असल्याने समोरचं नीट दिसत नाही, आणि एवढं जड शरीर विजेच्या तारेसमोर ऐनवेळी वळवता येत नाही.

आज देशात मोकळ्यावर दीडशेच्या आतच उरलेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजच्या गणनेत अलीकडे एखाददुसरा दिसला तरी बातमी होते. जैसलमेरजवळ सम इथे २०१९ पासून माळावरची अंडी गोळा करून यंत्रात उबवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं. तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ साली तारा जमिनीखालून न्या असा आदेश झाला, २०२४ साली तो सौर-पवन विजेच्या गरजेपोटी सैल झाला. पिल्लं वाढतील, असं मला वाटतं. ती सोडायची कुठे, हे मात्र मला अणदूरच्या ओट्यावर बसून सुचत नाही.

पोराने हे सगळं ऐकून 'कारणे' या मथळ्याखाली एकच शब्द लिहिला होता, 'शिकार'. तात्यांनी वही मागितली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "खाली आपला माळ पण लिही." त्याने लिहिलं. चित्रासाठी जागा हवी म्हणून डोडो काढून टाकला. पांडा निघेना, त्याला फेविकॉल जास्त लागला होता.