फडातल्या पट्ट्या आणि टंचाईची वाटणी

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून खानदेश आणि बागलाणात उतरणाऱ्या पांझरा, मोसम आणि आरम या नद्या पावसाळ्यात दुथडी वाहतात आणि उन्हाळ्यापर्यंत त्यांची धार बारीक होत जाते. या नद्यांवर ठिकठिकाणी बंधारे घालून, त्यांतून पाट काढून शेती भिजवण्याची जी रीत तीनचारशे वर्षे चालली तिला फड पद्धत म्हणतात. स्वावलंबी गावाचा विषय निघाला की या पद्धतीचे नाव कौतुकाने घेतले जाते. मात्र ते कौतुक बहुतेक वेळा जुन्या काळच्या एकोप्याचे असते आणि तिथेच चूक होते. पूर्वीची माणसे आजच्यापेक्षा कमी भांडखोर होती असे मानायला काही आधार नाही. फड टिकला तो जमिनीच्या मांडणीमुळे. पाण्याची टंचाई आली तर तिची झळ सगळ्यांना सारखी बसेल अशी सोय त्या मांडणीतच होती आणि गावाचे आर्थिक स्वावलंबन त्या सोयीवर उभे होते.

आधी कारभार कसा चाले ते पाहू. एका बंधाऱ्याच्या पाटाखाली भिजणारे सारे क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे बहुधा चार फड पाडलेले असत. एकेक फड दहा हेक्टरांपासून शेदोनशे हेक्टरांपर्यंत भरे. पाटातून चाऱ्या निघत, चाऱ्यांतून सारंग निघून शेतात जात आणि जादा पाणी सांडमातून परत नदीला मिळे. दरवर्षी बागायतदारांची सभा बसे आणि नदीतले पाणी पाहून कोणत्या फडात काय लावायचे ते ठरे. एका फडात एकच पीक असे. एकात ऊस, दुसऱ्यात रब्बीचा गहू, तिसऱ्यात खरिपाचे धान्य आणि पाणी कमी असेल तर एखादा फड त्या वर्षी पाण्याविना. पुढच्या वर्षी पिके फडाफडांतून फिरत, त्यामुळे जमिनीला विसावा मिळे. एका फडात सगळीकडे एकाच पिकाची मुळे असल्याने पाणी एकाच वेळी, एकाच मापाने देता येई. उसाच्या पाझराने शेजारचा गहू खराब होण्याचा प्रश्न उरत नसे आणि राखणही सोपी जाई. पाण्याला शेतकऱ्याने स्वतः हात लावायचा नसे, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाटावर देखरेख पाटकऱ्याची, शेतात पाणी फिरवणे बारेकऱ्याचे, उभ्या पिकाची राखण जागल्याची आणि या सगळ्यांवर हवालदार. बारेकरी एक पट्टी भिजवून झाली की बांध फोडून पुढच्या पट्टीत पाणी घेई, मग ती पट्टी कोणाची का असेना. या माणसांचा मेहनताना सुगीनंतर धान्यात, शेताच्या प्रमाणात गोळा होई. पाटातला गाळ काढायलाही प्रत्येकाने आपल्या वाट्याची मेहनत द्यायची असे.

आता मुख्य प्रश्न असा की, तुझ्या शेतात यंदा ऊस नाही किंवा यंदा पाणीच नाही, असे सभेने सांगितल्यावर शेतकरी ते ऐकत का असे? उत्तर जमिनीच्या नकाशात आहे. थळातल्या शेतकऱ्याची जमीन एका जागी नसे. तिच्या पट्ट्या चारही फडांत विखुरलेल्या असत. उसाचा फड कोणताही ठरो, त्यात प्रत्येकाची एक पट्टी असायचीच. एखादा फड कोरडा ठेवायचा ठरला, तर त्यातही प्रत्येकाची एक पट्टी जायची. सभेत बसलेल्या पंचाला स्वतःला वाचवून दुसऱ्याचे नुकसान करणारा निर्णय घेताच येत नसे. पाटाच्या तोंडाशी जमीन असणारा आणि शेपटाशी जमीन असणारा असे दोन वर्ग पडून कालव्याखाली जो कायमचा तंटा चालतो, त्याची धार इथे बोथट होई, कारण तोंडाजवळचा आणि शेपटाजवळचा माणूस बहुधा एकच असे. पीक निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकरी सोडून देई खरे, पण त्याच्या बदल्यात टंचाईच्या वर्षीही आपण एकटे बुडणार नाही ही हमी त्याला मिळे. खात्रीचे धान्य आणि विकायला थोडा गूळ, एवढ्या बळावर गावे दुष्काळी वर्षे काढत.

यावर पहिला आक्षेप असा की हे बंधारे काही गावाने बांधलेले नाहीत, मग यात लोकांचे स्वावलंबन कसले? आक्षेपात तथ्य आहे. मोठे दगडी बंधारे मुसलमान राजवटींच्या काळात बांधले गेले असे परंपरा सांगते. अठराव्या शतकाच्या अखेरीच्या आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीच्या धामधुमीत त्यांतले कित्येक मोडून पडले. 1818 नंतर इंग्रजी अमलात काहींची दुरुस्ती सरकारने केली आणि पाटस्थळ जमिनीचा आकार जमीनमहसुलातच धरला. पण दगडी भिंत सरकारची असली तरी पाटापासून शेवटच्या सारंगापर्यंतचा कारभार लोकांच्या हाती राहिला. बाहेरून काहीच न घेणे असा स्वावलंबनाचा अर्थ केला, तर एकही गाव त्यात बसणार नाही. पाणी किती, कोणाला आणि कोणत्या पिकाला, हा निर्णय कोण घेतो यावर ते ठरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला पळवाट नाही. ही समता फक्त जमीनवाल्यांमधली होती. ज्याची थळात पट्टी नाही त्याला पाण्यावर हक्क नव्हता. जागल्यासारखी कामे गावगाड्यात जातीला बांधलेली होती आणि ती करणाऱ्याला सभेत आवाज नव्हता. फडाचे गुणगान करताना हे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र हा दोष पाण्याच्या सामुदायिक वाटपाचा नसून पाणी जमिनीला जोडण्याचा आहे. तो दुरुस्त करता येतो हे विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने दाखवले. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे तर घरातल्या माणसांवर ठरला, भूमिहीनालाही हक्क मिळाला आणि उसाला बंदी घातली गेली. फडाने न सोडवलेला अर्धा प्रश्न तिथे सुटला.

फड मोडला कसा, तेही मूळ युक्तिवादाला बळ देते. नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली. मोसमवर हरणबारी, आरमच्या खोऱ्यात केळझर, पांझरेवर लाटीपाडा. नदी कधी आणि किती वाहणार हे ठरवणे गावाच्या हातातून पाटबंधारे खात्याकडे गेले. विहिरींवर विजेचे पंप बसले आणि ज्याला स्वतःचे पाणी मिळाले त्याला सभेची गरज उरली नाही. वाटण्या आणि विक्रीमुळे पट्ट्यांची जुळणीही विसकटत गेली. धरणाने खात्रीचे पाणी दिले, मग रडायचे कशाला, असे कोणी विचारील. धरणाचे पाणी नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण पाण्याबरोबर निर्णयही वर गेला आणि तो जाण्याची काही गरज नव्हती.

निर्णय खात्याकडे राहिला की काय होते, याचे जुने उदाहरण नीरा कालव्याचे आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्यातल्या नोकरीच्या सुरुवातीला, 1884 नंतर, धुळ्याजवळ दातर्ती इथे पांझरेच्या एका पाटावर नळाची उलटी मोरी बांधली होती. पुढे याच अभियंत्याने नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पिकांचे गट पाडायचे, उसाला ठरावीक हिस्सा द्यायचा आणि पिके फिरवायची, हे सारे फडाशी जुळणारे होते. पण ब्लॉक हा खाते आणि शेतकरी यांच्यातला करार होता. पाणी कमी पडले की त्याची झळ कोणाला बसायची हे शेतकऱ्यांनी आपसांत ठरवलेले नव्हते. कालवा आणि ऊस राहिले, सभा मात्र आलीच नाही. दख्खनमधल्या कालव्यांचा पुढचा इतिहास, तोंडाशी उसाचे रान आणि शेपटाशी कोरडी चारी, या एका उणिवेतून बऱ्याच अंशी समजतो.

आजच्या कालव्याखाली प्रत्येकाला पट्ट्या विखरून देता येणार नाहीत, हा शेवटचा आक्षेप खरा आहे. पण पट्ट्या हे साधन होते. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाखाली बापूसाहेब उपाध्ये आणि ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने 1990 च्या सुमारास पाणीवापर संस्था उभ्या केल्या, त्या कालव्याच्या शेपटाकडून. पाणी मोजून घ्यायचे, क्षेत्रावर वाटायचे, आणि वाट्याच्या आत पीक ज्याचे त्याने ठरवायचे. धरणात पाणी कमी असेल तर सगळ्यांचा वाटा त्याच प्रमाणात घटतो. पट्ट्यांनी जे काम केले ते तिथे मोजमापाने केले. 2005 च्या कायद्याने पुढे अशा संस्थांना राज्यभर आधार दिला आणि पुष्कळ संस्था नोंदल्याही गेल्या. त्यांतल्या ज्यांना पाणी मोजून मिळत नाही, त्यांच्याकडे वाटायला काहीच नाही. अशा संस्थांच्या सभांना लोक का येत नाहीत याचे उत्तर शेतकऱ्यांच्या उदासीनतेत शोधणे थांबवावे आणि आधी चारीच्या तोंडाशी मोजणीची सोय बसवून द्यावी.