सुट्ट्यांच्या गिफ्ट पॅकमधली परदेशी बिअर



थँक्सगिव्हिंग उरकले की इथल्या दुकानांत रंगीत खोक्यांची चळत लागते. आत तीन-चार बाटल्या आणि एक देखणा ग्लास. डिसेंबरच्या पार्ट्यांना रिकाम्या हाताने जाणे बरे दिसत नाही, म्हणून आपण त्यातलेच एखादे उचलतो, बहुतेक वेळा खोक्यावरचे चित्र बघून. ज्यांच्या घरी बिअर वर्ज्य आहे त्यांनी हा लेख खुशाल सोडून द्यावा. बाकीच्यांसाठी थोडी माहिती आणि थोडी आमची मते.

पहिला मान बेल्जियमचा, आणि त्यातही ‘शिमे’चा. ही बिअर १८६२ पासून स्कूरमाँच्या मठात तयार होते. मठवासी साधू आणि बिअर ही जोडी आपल्याला चमत्कारिक वाटते, पण ‘ट्रॅपिस्ट’ शिक्क्याचे नियम कडक आहेत: बिअर मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली बनली पाहिजे आणि नफा मठाच्या खर्चाला व धर्मादाय कामाला गेला पाहिजे. शिमेच्या पॅकमध्ये साधारणपणे रेड (७ टक्के अल्कोहोल), व्हाइट (८) आणि ब्लू (९) अशा तीन बाटल्या व एक रुंद तोंडाचा ग्लास असतो. यातली ब्लू मुळात नाताळसाठी म्हणूनच काढली होती. मनुका, थोडा गूळ, थोडे मिरे अशी चव. मटणाच्या रश्श्याबरोबर हिच्यासारखी दुसरी नाही. एकच पॅक घ्यायचा असेल तर आमचे मत शिमेला.

ट्रॅपिस्टमधली सर्वांत दुर्मिळ ‘वेस्टव्लेटेरन १२’. मठाच्या दुरुस्तीसाठी पैसा हवा म्हणून डिसेंबर २०१२ मध्ये ती अमेरिकेत गिफ्ट पॅकमध्ये विकली गेली: सहा बाटल्या, दोन ग्लास, किंमत ८५ डॉलरच्या घरात. पॅक हातोहात संपले. तिची हौस भागवायची असेल तर ‘सेंट बर्नार्डस ॲबट १२’ घ्या. याच मठाच्या परवान्याने या ब्रुअरीने १९४६ पासून १९९२ पर्यंत बिअर बनवली, आणि नातेसंबंध चवीत कळतो.

‘डूव्हल’ सोनेरी, फेसाळ आणि फसवी. दिसते लागरसारखी, पण अल्कोहोल ८.५ टक्के. फ्लेमिश बोलीत नावाचा अर्थच ‘सैतान’. दिवाळीची चकली किंवा चिवडा डब्यात उरला असेल तर याच्याबरोबर संपवा. ‘डिलिरियम ट्रेमेन्स’चा गुलाबी हत्ती मुलांना फार आवडतो, पण ते नाव दारू सुटताना होणाऱ्या भ्रमाच्या आजाराचे आहे. डॉक्टर मित्राला देताना विचार करा. ज्यांना बिअर कडू लागते त्यांना ‘लिंडेमान्स फ्राम्ब्वाझ’ द्यावी: रास्पबेरीची, गोड, अल्कोहोल जेमतेम २.५ टक्के.

जर्मनीची ‘वायहेनश्टेफान’ गव्हाची बिअर उंच ग्लाससह मिळते. केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो यीस्टमुळे. त्यात केळे घातलेले नसते. ही ताजीच प्यावी. याउलट ऑस्ट्रियाची ‘सामिक्लाउस’ वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी बनवतात, दहाएक महिने मुरवतात आणि मग विकतात. १४ टक्के अल्कोहोल! एक बाटली चौघांत वाटावी, तीही जेवणानंतर.

आता महत्त्वाचे. ‘दोनच बिअर घेतल्या’ हा हिशेब इथे चालत नाही. ५ टक्क्यांच्या नेहमीच्या १२ औंसाच्या कॅनशी तुलना केली तर शिमे ब्लूची ११.२ औंसाची एक बाटली जवळजवळ पावणेदोन कॅनइतकी होते, सामिक्लाउसची अडीचच्या वर. बहुतेक राज्यांत गाडी चालवण्याची मर्यादा ०.०८ आहे, युटामध्ये २०१८ च्या अखेरीपासून ०.०५. व्हिसावर असलेल्यांनी तर विशेष जपावे: २०१५ पासूनच्या धोरणानुसार नशेत गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, गुन्हा सिद्ध झालेला नसला, तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. यजमानांनी बाटलीवरचा टक्का पाहुण्यांना आधीच सांगावा.

शाकाहारी पाहुण्यांसाठीही एक सूचना. काही ब्रुअऱ्या बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरतात. गिनेसने तो वापर २०१५ मध्ये थांबवायचे जाहीर केले आणि पुढच्या काही वर्षांत थांबवला. इंग्लंडच्या ‘सॅम्युअल स्मिथ’च्या बहुतेक बाटलीबंद बिअर व्हीगन सोसायटीकडे नोंदलेल्या आहेत, त्यांची हिवाळी ‘विंटर वेलकम’ (६ टक्के) आम्हाला विशेष आवडते.

‘इम्पोर्टेड’ या शब्दावर मात्र विसंबू नका. ‘बेक्स’ हे जर्मन नाव, पण अमेरिकेत विकली जाणारी बेक्स २०१२ पासून सेंट लुईसमध्ये बनू लागली, आणि त्यावरून झालेला ग्राहकांचा दावा २०१५ मध्ये तडजोडीने मिटला. बारीक अक्षरांत कुठल्या देशाचे उत्पादन आहे ते वाचा. हिरव्या किंवा पारदर्शक बाटल्या दुकानाच्या दिव्याखाली महिनोन्‌महिने उभ्या असतील तर घेऊ नका. उजेडाने हॉप्समधले घटक बिघडतात आणि बिअरला स्कंकसारखा वास येतो. तपकिरी बाटली किंवा बंद खोके बरे.

गडद बेल्जियन बिअर बर्फगार करू नये. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावी. तळाशी गाळ दिसला म्हणजे बिअर खराब झाली असे नव्हे, ते यीस्ट आहे. हलकेच ओतावे.

आणि हो, दुसऱ्या गावच्या मित्राला हे खोके पोस्टाने पाठवू नका. अमेरिकन टपालातून बिअर पाठवायला बंदी आहे. भारतात नेणार असाल तर प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त नेता येते. ३३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या त्यात बरोब्बर बसतात, पण मग काकांची व्हिस्की राहते.