ही तालीम कोणाची?

गेल्या आठवड्यात आठवीच्या वर्गात 'तालीम' हा शब्द आला. उर्दूच्या तासाला मुलांनी त्याचा अर्थ सांगितला, शिक्षण. मराठीच्या तासाला तीच मुलं म्हणाली, कुस्तीचा आखाडा. मी दोन्ही अर्थ फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ती तालीम आपली आणि ही त्यांची."

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. त्या मुलाला द्यायचं उत्तर मला बडोद्यात सापडतं.

बडोद्याच्या दांडिया बाजारात एक जुनी व्यायामसंस्था आहे. तिचं नाव श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर. जुम्मादादा हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले मुसलमान उस्ताद. गायकवाडांचं बडोदं म्हणजे पहिलवानांचं आश्रयस्थान. तिथे ते आखाडा चालवत. पोरांना घडवत.

त्यांच्या शागिर्दांत गजानन नावाचा एक मराठी हिंदू मुलगा होता. जन्म १८७८ चा. पुढे देश त्याला प्रोफेसर माणिकराव म्हणून ओळखू लागला. त्या काळी शरीरविद्येत नाव कमावलेल्यांना 'प्रोफेसर' म्हणण्याची रीत होती. प्रोफेसर राममूर्ती हे दुसरं उदाहरण. उस्तादांनी आपला आखाडा याच शागिर्दाच्या हाती सोपवला.

माणिकरावांनी तो नुसता सांभाळला नाही, वाढवला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, जंबिया या विद्या तोवर ज्याच्या त्याच्या आखाड्यात, उस्तादाच्या मर्जीने शिकवल्या जात. माणिकरावांनी त्या शेकडो मुलांना एका तालात, रांगेत शिकवता येतील अशा बसवल्या. यालाच सांघिक व्यायाम म्हणतात. तेव्हा कवायतीच्या आज्ञा इंग्रजीत दिल्या जात. त्या देशी भाषेत देण्याच्या वाटेवर आधी चालणाऱ्यांत माणिकराव होते. आज शाळेच्या मैदानावर आपण 'सावधान', 'विश्राम' म्हणतो, तेव्हा त्या वाटेची आठवण ठेवायला हरकत नाही.

परक्या राजवटीत याचा अर्थ केवळ व्यायाम एवढाच नव्हता. बडोद्यात शिकून गेलेल्या पुराणी बंधूंनी गुजरातेत व्यायामशाळांची चळवळ उभी केली आणि तिच्यातून तरुण स्वातंत्र्याच्या कामाला लागले. माणिकराव हाडवैद्य म्हणूनही नावाजलेले होते. मोडलेलं हाड, निखळलेला सांधा बसवून घ्यायला लोक त्यांच्याकडे येत. सयाजीराव महाराजांनी त्यांना 'राजरत्न' म्हणून गौरवलं. १९५४ साली त्यांचं निधन झालं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एवढी कीर्ती मिळवलेल्या माणसाला संस्थेला स्वतःचं नाव देणं अवघड नव्हतं. त्यांनी पाटीवर उस्तादाचं नाव लावलं. त्याला जोडलेला शब्द तर बघा, 'मंदिर'. मुसलमान उस्तादाचं नाव आणि पुढे व्यायाम मंदिर! त्या शागिर्दाला यात काही विचित्र वाटलं नाही. ज्याच्याकडून विद्या घेतली त्याचं नाव ठेवायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

आणि हे तालमीच्या रीतीला धरूनच होतं. तिथले शब्द तपासा. तालीम अरबी, पहिलवान फारसी, कुस्ती फारसी. लेझीमसुद्धा फारसीतून आलेली. 'वस्ताद' म्हणजे आपला 'उस्ताद'च. मराठी मातीत लोळून आला आणि वस्ताद झाला. त्याच तालमीत मारुतीची तसबीर असते, तिला नमस्कार करून लाल मातीत उतरणारे शब्द हे.

जुन्या गोष्टी गोड करून सांगण्याची मला सवय नाही. तेव्हाही तंटे होते, दंगे होते. आमच्याही घरांत अशा उस्तादांची नावं मुलांना कोणी सांगत नाही, हा दोष आमचा. आपला वारसा आपणच विसरलो, तर दुसऱ्याने का लक्षात ठेवावा? जुम्मादादांचं नाव मात्र एका हिंदू शागिर्दाने लक्षात ठेवलं आणि शतकाहून अधिक काळ ते टिकलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हीच हकिकत सांगितली. मागच्या बाकावरचा तो मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "सर, आपल्या गावातली तालीम किती वाजता उघडते?"

मी म्हणालो, "पहाटे पाचला. जा, आणि आधी वस्तादांच्या पाया पड."