वरचं बीपी वाढलं, खालचं नॉर्मल : वय झालं की रक्तवाहिन्यांच्या पेशींत काय बदलतं?

उल्हासनगर : लग्नाचा बस्ता घ्यायला कॅम्प २ च्या गजानन मार्केटमध्ये मुरबाड, बदलापूरकडून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. सोबत आजी-आजोबा असतातच. अशा घरात कोणाच्या तरी बीपीच्या कागदावर १६०/७० लिहिलेलं असतं. ‘खालचं बरोबर आहे, वरचं वयामुळे वाढायचंच’ असं म्हणत तो कागद पिशवीत जातो. वयामुळे वाढतं हे खरं. पण म्हणून ते निरुपद्रवी आहे, हे चूक.

रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं, जाडी फक्त एका पेशीची. तरुणपणी या पेशी रक्ताच्या प्रवाहाच्या दिशेने ओळीने पडलेल्या असतात. रक्त अंगावरून घासून गेलं की त्यांना ते कळतं आणि त्या नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात. त्यामुळे वाहिनीचा स्नायू सैल पडतो, वाट रुंद होते, रक्ताची गुठळी सहसा धरत नाही. हा शोध लावणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती गोळीसुद्धा शरीरात हाच वायू सोडते.

पेशी किती वेळा दुभंगून नवी होणार, याला मर्यादा असते. ती संपली, किंवा साखर, तंबाखू, वाढलेला दाब यांचा मार बसत राहिला, की पेशी म्हातारी होते. गंमत अशी की ती लगेच मरत नाही. जागा अडवून बसते, कामाचा वायू कमी करते आणि सूज वाढवणारे पदार्थ सोडत राहते. त्याने शेजारच्या चांगल्या पेशीही बिघडतात. मग अस्तर पाझरू लागतं आणि चरबी आत शिरायला वाट मिळते.

मधल्या थरात वेगळंच चालतं. तिथले लवचिक धागे बहुतेक लहानपणीच बनतात, नंतर फारसे नवे होत नाहीत. वर्षानुवर्षं ताणून ते तुटतात, त्यांच्या जागी कडक धागे येतात. काही स्नायूपेशी तर हाडाच्या पेशींसारखं वागून चुना साठवू लागतात. शेतातला रबरी पाइप उन्हाने कडक होतो, तसंच काहीसं. हृदयाचा ठोका बसला की कडक नळी फुगत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. दोन ठोक्यांच्या मधे ती आवळून दाब धरत नाही, म्हणून खालचा उतरतो. म्हणजे कमी झालेला खालचा आकडा हे दर वेळी चांगलंच लक्षण नसतं. तो धक्का पुढे मेंदू आणि किडनीच्या बारीक वाहिन्यांवर बसतो. पक्षाघाताची भीती इथेच.

आपल्याकडे हे लवकर सुरू होतं. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियात पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतर देशांत सुमारे ५९ व्या. बायकांना पाळी असेपर्यंत थोडं संरक्षण असतं, पाळी गेल्यावर ते ओसरतं. त्यात मिश्री असेल तर दुप्पट काळजी घ्या.

अस्तर काही प्रमाणात सुधारतं, ही चांगली बातमी. तीन महिने रोज भरभर चालणाऱ्या वयस्कर पुरुषांच्या वाहिन्या पुन्हा चांगल्या सैल होऊ लागल्या, असं दिसलं आहे. मिठाचं बघा : लोणचं, सुकी मासळी, पापड. कॅम्पात सिंधी घरी पाण्यासोबत पापड समोर येतो, नाही म्हणणं अवघड. पण रोज नको. गोळी सुरू असेल तर बरं वाटतंय म्हणून बंद करू नका.

तिशीनंतर बीपीची तपासणी गावच्या उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. उल्हासनगरात कॅम्प ३ चं सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे. बाजार फिरून आल्या आल्या मोजू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, चहा-तंबाखू त्याआधी अर्धा तास नको. उठताना चक्कर येत असेल तर उभं राहूनही मोजायला सांगा, आणि दोन्ही आकडे तारखेसकट लिहून घ्या.