लाकडी बैल आणि त्याखालची चाकं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपूरच्या रस्त्यांवर दोन तऱ्हेच्या प्रतिमा येतात. मारबत म्हणजे अनिष्टाचं प्रतीक असलेला पुतळा; काळी मारबत १८८१पासून आणि पिवळी १८८५पासून निघते. दोन्ही दरवर्षी नव्यानं घडतात आणि मिरवणुकीनंतर जाळल्या जातात. त्याच दिवशीच्या मुलांच्या पोळ्याचा, म्हणजे तान्ह्या पोळ्याचा, लाकडी बैल मात्र माळ्यावर जपून ठेवला जातो. आजोबांनी ओढलेला बैल रंगाचा नवा हात घेऊन नातवाकडे येतो, आणि तो घेऊन पोरं दारोदार बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागत फिरतात. असा जुना बैल उलटा करून पाहिला तर अनेकदा वरचं कोरीवकाम जुनं आणि खालची फळी, आस, चाकं नंतरची आढळतात. ही दुरुस्ती कुणी नोंदण्याजोगी मानत नाही. माझ्या मते मात्र तान्ह्या पोळ्याचा निम्म्याहून अधिक इतिहास त्या फळीतच आहे.

बैल काय, मातीचाही चालतो. पश्चिम महाराष्ट्रात बेंदराला मातीचे बैल पाटावर मांडून पुजतात. ते जागचे हलत नाहीत, त्यामुळे त्यांना चाकं लागत नाहीत. तान्हा पोळा मुलांचा आहे. मुलानं बैल दोरीनं ओढत तोरणाखाली न्यायचा, मग घरोघरी फिरवायचा. हे सगळं चाकांमुळे शक्य होतं. ती काढली तर उरते ती फक्त पूजेची मूर्ती. नागपूरची परंपरा या सणाचं श्रेय तिथले राजे दुसरे रघुजी भोसले यांना देते. त्यांचं निधन १८१६ मध्ये झालं, म्हणजे परंपरा खरी धरली तर प्रथेला दोनशेहून अधिक वर्षं झाली. एवढ्या काळात बैलाची ठेवण फारशी बदलली नाही: वशिंड, शिंगं, पाठीवर झूल. बदललं ते खाली. कातीव लाकडी चाकांच्या जागी लोखंडी आणि प्लास्टिकची चाकं आली, लाकडी आसाऐवजी सळई आली. मातीची गल्ली जाऊन डांबर आणि सिमेंट कसं आलं, याची साक्ष बैलाच्या पाठीवरचा रंग देत नाही. ती चाकाच्या झिजेत मिळते.

खालचा भाग किती बोलू शकतो याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला चार कांस्यप्रतिमा सापडल्या: बैलजोडीचा रथ, रेडा, गेंडा आणि हत्ती. रथ, रेडा आणि गेंडा चाकांवर आहेत. हत्तीची चाकं गेली आहेत, तरी तो ज्या चौथऱ्यावर उभा आहे त्याच्या खाली आस ओवण्यासाठी भोकं असलेल्या कड्या आहेत. हत्तीही ओढला जात असे, हे आपल्याला केवळ त्या कड्यांमुळे कळतं. कुणी तो चौथरा जीर्ण म्हणून टाकून नवा बसवला असता, तर आज आपण त्याला नुसता उभा हत्ती समजलो असतो.

यावर आक्षेप येईल की दायमाबाद आणि नागपूर यांच्यात हजारो वर्षांचं अंतर आहे. आहेच, इथे वारशाचा दावा नाही. दायमाबादच्या प्रतिमांचा काळही निर्विवाद नाही: बरेच अभ्यासक त्यांना उत्तर-हडप्पा काळातल्या मानतात, तर पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली. त्या शास्त्रशुद्ध उत्खननात मिळाल्या नाहीत, म्हणून हा वाद उभा राहिला. सोबतची नोंद हरवली की वस्तूचं वय पुन्हा शोधणं किती कठीण होतं, हे त्यातून दिसतं, आणि नागपूरच्या बैलाला तेच लागू आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बैल खेळण्यासाठी आहे. मोडक्या फळीवर तो ठेवला तर मूल ओढणार कसं? हे मला पूर्ण मान्य आहे. संग्रहालयातल्या वस्तूसारखा बैल कपाटात बंद करणं म्हणजे सणच संपवणं. चाक झिजलं की बदललंच पाहिजे, आणि आजवरच्या सुतारांनी ते बदललं म्हणूनच जुने बैल आजही रस्त्यावर उतरतात. बदल करण्याला माझा विरोध नाही, मागमूस न ठेवता बदलण्याला आहे. बैलाचे खूर आणि फळी एकाच लाकडात कोरलेली असतील तर करवत लावूच नये. मूळ फळीखाली दुसरी फळी जोडता येते. खूर वेगळे बसवलेले असतील तर जुनी फळी निघते, पण ती सरपणात जायला नको.

येत्या पोळ्याआधी घरातला बैल सुताराकडे नेणाऱ्यांना एवढीच विनंती: जुनी फळी आणि चाकं परत मागून घ्या, आणि नव्या फळीच्या खालच्या बाजूला साल आणि सुताराचं नाव लिहून ठेवा.