अस्थिमज्जा: रक्ताच्या मूळ पेशी राहतात कुठे?

मटणाच्या नळीतून निघणारा पिवळसर, तुपकट मगज म्हणजे अस्थिमज्जाच. पण त्यात बहुतेक चरबी असते. रक्त बनवणारी मज्जा लाल असते. मोठ्या माणसात ती मुख्यतः कमरेचं हाड, मणके, फासळ्या आणि छातीच्या हाडात असते. तिथे दर सेकंदाला २० लाखांहून जास्त तांबड्या पेशी तयार होतात!

या सगळ्यांचा उगम थोड्याशा मूळ पेशींत, म्हणजे स्टेम सेल्समध्ये आहे. गंमत अशी की यातल्या बहुतेक पेशी एरवी झोपलेल्या असतात. १९७८ साली मँचेस्टरच्या स्कोफिल्ड यांनी कल्पना मांडली, की मूळ पेशीचं मूळपण तिच्या जागेमुळे टिकतं. जागा सुटली, की तीही साधी रक्तपेशी होण्याच्या वाटेला लागते. पुढे या शेजाऱ्यांची ओळख पटली. मज्जेतल्या बारीक रक्तवाहिन्यांना लागून असलेल्या आधारपेशी ‘सीएक्ससीएल-१२’ आणि ‘एससीएफ’ ही दोन प्रथिनं तयार करतात. पहिलं मूळ पेशीला जागेवर धरून ठेवतं, दुसरं जगवतं.

आपल्या खानदेशात याचा संबंध थेट सिकलसेलशी येतो. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या भागांतल्या भिल्ल, पावरा समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलमधली जेमतेम १० ते २० दिवस. त्यामुळे मज्जेला उसंतच नाही. शिवाय विळ्यासारख्या झालेल्या पेशी मज्जेतल्याच बारीक वाहिन्यांत अडकतात. हाडं ठणकतात, लहान मुलांची बोटं सुजतात. घरचे ‘वात असेल’ म्हणून तेल चोळत बसतात आणि निदान लांबतं.

दोष मूळ पेशीतच असल्यामुळे मज्जारोपणात मूळ पेशीच बदलतात. मज्जा हाडात भरतात असा अनेकांचा समज आहे. तसं नसतं. ती रक्तासारखी शिरेतून चढवतात आणि पेशी सीएक्ससीएल-१२च्या मागावर आपली जागा शोधतात. मात्र जागा रिकामी हवी, म्हणून आधी तीव्र औषधांनी जुन्या मूळ पेशी काढतात. या उपचाराचा खरा धोका इथे आहे: काही आठवडे जंतूंशी लढायला पेशीच नसतात.

दाता शक्यतो सख्खं भावंड. एक भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. ते वाहक असलं तरी चालतं. दात्याची मज्जा भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात, ‘मणक्यातलं पाणी’ नव्हे, आणि ती काही आठवड्यांत भरून येते.

रोपण सगळ्यांना शक्य नसतं. हायड्रॉक्सीयुरिया या गोळ्यांनी अनेकांच्या वेदनांचे झटके कमी होतात, पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ला सुरू झालं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. पहिल्या चाचणीला बोटातला रक्ताचा थेंब पुरतो. लग्न ठरवण्याआधी दोघांनीही ती केलेली बरी, कारण आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता २५ टक्के असते.